बँडवाल्याला शिस्त शिकवू नका

माझा मामा एकतीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत होता. मग पुढचे दात गेले, छातीत वारा राहिना, आणि एका लगीनसराईच्या शेवटी त्यानं बाजा पेटीत ठेवला नि दोनशेपानी वही विकत आणली. आज अशा सात वह्या भरल्यात. कादंबरी आहे. आत्मचरित्र नाही, कादंबरी. दोनदा सांगतोय त्याला कारण आहे.

त्या वह्या कापडी पिशवीत घालून मी एका प्रकाशकाकडे नेऊन दिल्या. रातपाळी संपवून, अंगावर खताची धूळ तशीच घेऊन गेलो. आठ महिन्यांनी वह्या परत आल्या. सोबत चार ओळींची चिठ्ठी. मतलब असा की अनुभव जळजळीत आहे, पण लेखनाला शिस्त नाही. यातून स्वतःचं आत्मकथन काढून दिलंत तर जरूर विचार करू.

शिस्त नाही! भर मे महिन्यात पिवळ्या दोऱ्याचा लाल कोट घालून, डांबर वितळत असताना, नवरदेवाचे दारू प्यालेले दोस्त दाताखाली नोट धरून समोर लोळत असताना, ज्या माणसानं चौदा जणांच्या ताफ्यात कधी ताल सोडला नाही, मास्तरची नुसती भुवई हलली की जो एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जायचा, त्याला शिस्त नाही. आणि ही शिस्त त्याला कोण शिकवणार, तर पंख्याखाली बसलेला माणूस, ज्याला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही.

हे झालं तिकडचं. पण आपल्याकडचंही सांगायला पाहिजे, नाहीतर मी खोटं बोलतोय असं होईल. आपल्याच बैठकीत मी त्यातली दोन प्रकरणं वाचली. एका प्रकरणात आठ पानं नुसतं रीड कशी ओली करायची, थंडीत सूर कसा उतरतो, कोपऱ्यावरच्या भिंतीवरून आवाज परत कसा येतो, एवढंच आहे. आपला एक जिगरी दोस्त उठला नि म्हणाला, हे कसलं लिहिणं? यात शत्रू कुठाय? रक्त कुठाय? कलावाद घुसलाय मामाच्या डोक्यात.

म्हणजे एक म्हणतो तुझ्याकडे कला नाही. दुसरा म्हणतो तुला कलेची गरज नाही. दोघांच्या मधे मामा तोंडात तपकीर धरून बसलेला. मला त्या दिवशी राल्फ एलिसन आठवला. त्याच्यावर बोलायला उठलो तर वेळ संपली म्हणाले. म्हणून इथं लिहितो.

एलिसनचं पुस्तक मला फोर्टच्या फूटपाथवर मिळालं. 'इनव्हिजिबल मॅन'. अदृश्य माणूस. नाव वाचूनच घेतलं. आपण अस्पृश्य, हा अदृश्य, भाऊच म्हणायचा. दहावीचं माझं इंग्रजी, त्यात सप्लिमेंटरीवर सुटलेलं. डिक्शनरी नि एक एम.ए. झालेला मित्र असे दोघं घेऊन वर्षभर वाचलं. त्याचे लेखही मग त्या मित्रानं वाचून दाखवले. यात माझी विद्वत्ता काही नाही.

हा माणूस मूळचा बाजावाला. कॉर्नेट नि ट्रम्पेट. 1913 साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत जन्मला. बाप बर्फ नि कोळसा पोचवायचं काम करायचा. 1916 साली बर्फाची लादी चढवताना तिचा टवका पोटात घुसला, ऑपरेशन झालं, त्यातच बाप गेला. पोर तीन वर्षांचं. गोदीतल्या माणसाला हे वाचून वेगळं काही समजावावं लागत नाही. वजनाखाली माणूस कसा जातो हे आपण बघितलंय. त्या बापानं पोराचं नाव राल्फ वाल्डो ठेवलेलं, इमर्सन नावाच्या त्यांच्या मोठ्या लेखकावरून. बर्फवाल्याला पोरगा कवी करायचा होता.

आई गोऱ्यांच्या घरची कामं करायची. तिथं टाकून दिलेली मासिकं नि जुन्या रेकॉर्डी ती घरी आणायची. तुमच्यातल्या किती जणांचं पहिलं वाचन आईनं मालकिणीकडून आणलेल्या रद्दीत झालं, ते आपापलं आठवा. माझं तर वाणसामानाच्या पुड्यांवर झालं.

शाळेत बँड होता, पोरगा त्यात गेला. गावात ब्लू डेव्हिल्स नावाचा काळ्यांचा नामी जाझ बँड होता, त्यांच्या आजूबाजूला वावरला. शहराच्या सिंफनीचा गोरा चालक होता, त्याच्याकडे हिरवळ कापून देण्याच्या बदल्यात ट्रम्पेटचे धडे घेतले. फी नाही, अंगमेहनत. मग अलाबामातल्या टस्कीगीच्या काळ्यांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही अशासाठी की त्यांच्या वाद्यवृंदाला ट्रम्पेटवाला कमी पडत होता. गाडीभाड्याला पैसे नाहीत. 1933 साली मालगाडीवर चोरून बसून निघाला. वाटेत डिकेटरला रेल्वेच्या गोऱ्या शिपायांनी बंदुका रोखून खाली उतरवलं. त्या दिवसांत त्याच गावात नऊ काळ्या पोरांवरचा स्कॉट्सबरोचा खटला चालू होता. खोटा आळ, नि शिक्षा फाशीची. तिथनं हा जीव घेऊन पळाला नि कॉलेजात पोचला.

पोरगा तीन वर्षं तिथं संगीत शिकला. एकदा शिक्षकांसमोर वाजवताना फार वाईट वाजवलं. सगळ्यांनी धुतला. तो रडवेला होऊन हेझल हॅरिसन या बाईकडे गेला. ही काळी पियानोवादक बर्लिनमध्ये शिकून आलेली. वाटलं, बाई पाठीवर हात फिरवेल. बाईनं वेगळंच सांगितलं. कॉलेजजवळ चिहॉ नावाचं एक फालतू स्टेशन होतं, गाडी थांबली तर थांबली. बाईचं म्हणणं असं की त्या स्टेशनाच्या वेटिंगरूममध्ये वाजवायची पाळी आली तरी जीव ओतूनच वाजव, कारण तिथं शेगडीच्या मागं एक किरकोळ दिसणारा माणूस बसलेला असणार, नि त्याला संगीतातलं सगळं कळत असणार.

एलिसनला हे तेव्हा कळलं नाही. पुढं तीसच्या दशकात न्यूयॉर्कात असताना तो कसल्याशा निवेदनावर सह्या गोळा करत एका चाळवजा इमारतीच्या तळघरात उतरला. बंद दारामागून आवाज येत होते. काळे मजूर आयमायवरून शिव्या देत भांडत होते. हा दारात थबकला. भांडण बाईवरून होतं, पण कुठल्या? मेट्रोपॉलिटन ऑपेरातल्या दोन गायिकांपैकी कोण चांगली गाते यावरून! आत गेला तर चार कोळसा ओढणारे हमाल, भिंतीला फावडी लावलेली. यांना ऑपेरा कुठून माहीत? तर हे चौघं वर्षानुवर्षं त्या थेटरात फुटकळ कामं करायचे. अंगावर कपडे चढवून मिसरचे शिपाई म्हणून मागं उभे राहायचे, नि उभ्या उभ्या ऐकायचे. हा प्रसंग त्यानं 1977 सालच्या एका लेखात लिहिलाय. माझ्या मित्रानं तो वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या टोळीत एक म्हातारा होता, क्रेनच्या सावलीत बसून कुमार नि भीमसेन यांच्यात डावं-उजवं करायचा. मुकादम त्याला खुळा म्हणायचा. मीसुद्धा हसायचो.

शेगडीमागचा तो माणूस म्हणजे आपला वाचक. तो अडाणी आहे म्हणून काहीही लिहिलं तरी चालतं असं मानणारे प्रस्थापित असोत की आपले, दोघं त्याचा अपमानच करतात.

आता बाजा सुटून लेखणी कशी आली. 1935 साली टस्कीगीच्या लायब्ररीत त्याला एलियटची 'द वेस्ट लँड' मिळाली. गोऱ्या माणसाची, अवघड, पोथ्यापुराणांच्या संदर्भांनी भरलेली कविता. पण याच्या बाजावाल्या कानाला त्यात जाझची लय ऐकू आली. अर्थ नंतर कळला, ठेका आधी. मग संदर्भ शोधत शोधत पुस्तकांत शिरला. 1936 साली पुढच्या वर्षाची फी कमवायला न्यूयॉर्कला गेला नि परत कॉलेजात गेलाच नाही. 1937 साली रिचर्ड राइट भेटला. राइट तेव्हा 'न्यू चॅलेंज' नावाचं काळ्यांचं मासिक चालवायच्या खटपटीत होता. त्यानं याला पुस्तकपरीक्षण लिहायला लावलं, मग गोष्ट मागितली. एकच अंक निघाला आणि मासिक बंद पडलं. गोष्ट राहिली. अनियतकालिकं काढणाऱ्या दोस्तांनो, हसू नका, आपली तऱ्हा काही निराळी नाही.

त्याच वर्षी आई वारली. त्या हिवाळ्यात ओहायोत डेटन गावी तो नि त्याचा भाऊ रानपाखरं मारून पोट भरत होते. दिवसा शिकार, रात्री लिहिणं. पुढं महायुद्धात बोटीवर खानसामा म्हणून काम केलं. (बोटीच्या आतल्या माणसाला बाहेर हूक घेऊन उभा असलेला दिसतो का, हे मला त्याला विचारायचं होतं.) 1945 साली व्हरमाँटमधल्या एका कोठारात बसून कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं. सात वर्षं लागली. फॅनी या त्याच्या बायकोनं नोकरी करून घर चालवलं, टायपिंगही केलं. तिचा फोटो मुखपृष्ठावर नसतो. 1952 साली पुस्तक आलं, 1953 साली त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. पहिलीच कादंबरी.

आता शिस्तीचं बोलू. ही कादंबरी बाहेरून बघाल तर अस्ताव्यस्त आहे. सुरुवातीलाच एक काळा माणूस तळघरात राहतोय, चोरीच्या विजेवर 1369 दिवे लावलेत नि लुई आर्मस्ट्राँगची रेकॉर्ड ऐकतोय. मग मागची हकीकत. गावातल्या बड्या गोऱ्यांनी काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून आपसात मारामारी करायला लावलेली, वीज सोडलेल्या गालिच्यावरची नाणी वेचायला लावलेली, आणि त्याच रात्री या हुशार पोराला भाषण करायला लावून बक्षीस म्हणून चामडी बॅग नि स्कॉलरशिपचा कागद दिलेला. पुढं कॉलेज, हकालपट्टी, पांढऱ्या रंगाचा कारखाना, जिथं शुभ्र रंग बनवायला काळ्या द्रावाचे थेंब टाकतात, मग बंधुता सांगणारी संघटना, तिनं याला वापरून फेकणं, हार्लेमची दंगल, शेवटी मॅनहोलमधून खाली.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, याला कुठं थांबायचं कळत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मामा शेजारी होता. मी तोंडी मराठी करून सांगत होतो. मामा मधेच म्हणाला, "आरं, ती कातड्याची बॅग परत आली बघ." मी म्हटलं, कुठली? "पयल्या प्रकरणातली. दर टायमाला आसा एकजण त्याला कागुद देतो, आन त्यो बॅगेत टाकतो. ह्यो मुखडा हाय. बाकी समदं अंतरं."

मी वही काढून तपासलं. स्कॉलरशिपचा कागद. प्रिन्सिपलची शिफारसपत्रं, ज्यांत खरं तर याला दारात उभं करू नका असं लिहिलेलं. संघटनेनं दिलेलं नवं नाव, चिठ्ठीवर. निनावी धमकीचं पत्र. शेवटी मॅनहोलच्या अंधारात हा माणूस उजेडासाठी एकेक कागद जाळतो, नि त्या उजेडात त्याला कळतं की धमकीचं अक्षर नि नाव देणाऱ्याचं अक्षर एकच. जिथनं सुरुवात, तिथंच समेवर. मोठमोठ्या समीक्षकांनी यावर काय लिहिलंय ते मित्र सांगेल, पण मामानं हे एकदा ऐकून सांगितलं. आठवी नापास माणूस. शिस्त नसलेला.

म्हणून मामाची रीडवरची ती आठ पानं मी परत वाचली. रीड ओली करणं सात वेळा येतं. पहिल्यांदा मालकाच्या ओट्याखाली, पाणी वरून ओततात. शेवटच्या वेळी पोराच्या लग्नात, स्वतःच्या घरच्या माठातलं पाणी. शत्रू कुठाय विचारणाऱ्या दोस्ता, शत्रू त्या पाण्यात आहे. तू ओरडण्याची वाट बघत होतास म्हणून तो तुला दिसला नाही.

एलिसनलाही हेच ऐकावं लागलं. 1963 साली अर्विंग हाउ या पुरोगामी गोऱ्या समीक्षकानं लिहिलं की काळ्या लेखकाची खरी वाट राइटची, संतापाची. एलिसन नि बाल्डविन त्या वाटेवरून ढळले. एलिसननं उत्तर दिलं. माझ्या भाषेत सांगायचं तर, माझं आयुष्य म्हणजे नुसता जखमेवरचा पू आहे असं तू ठरवणारा कोण? मी राइटकडून शिकलो, तसा हेमिंग्वेकडून शिकलो, तसा जाझकडून शिकलो. गुरू निवडायचा हक्क माझा. हाउ आपला दोस्तच होता, शत्रू नव्हता, हे ध्यानात घ्या. "आत्मकथन द्या, विचार करू" म्हणणारा प्रकाशकही स्वतःला आपला दोस्तच समजतो. आमच्या जखमा छापायला तयार, आमची कल्पना छापायला नाही. दलितानं घडलेलं सांगावं, रचायचं काम इतरांनी करावं. ही कामाची वाटणी आम्हाला ओळखीची आहे. हजारो वर्षांची आहे.

आत्मकथनांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यावरच आम्ही उभे राहिलो. पण तेच एक दार उघडं ठेवायचं नि त्यावर पहारेकरी बसवायचा, हे चालणार नाही. अण्णा भाऊ साठे 1944 साली लाल बावटा कलापथक उभं करणाऱ्यांतले. डफ, ढोलकी, तमाशा यातनं आलेला माणूस. त्यानं पस्तीसेक कादंबऱ्या लिहिल्या, 1959 साली 'फकिरा' दिली नि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्याला कुणी विचारलं होतं का, परवानगी कुणाची घेतली म्हणून? विचारलंही असेल. त्यानं ऐकलं नाही.

एलिसनचं सगळंच मला पटतं असं नाही. व्हिएतनामात बाँब पडत असताना तो जॉन्सनच्या बाजूनं राहिला, 1969 साली त्याच्या हातून पदक घेतलं. साठच्या दशकाच्या शेवटी काळी तरुण पोरं त्याला तोंडावर अंकल टॉम म्हणायची. 1966 साली ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली, 1972 साली तिच्यावरनं मुंबईत दलित पँथर. आपलं घर त्या पोरांच्या बाजूचं आहे. मी तिथं असतो तर मीही ओरडलो असतो. तरी त्याचं पुस्तक मी पाण्यात टाकलं नसतं.

आणि त्याची खरी चूक माझ्या मते दुसरीच आहे. पहिली कादंबरी 1952 साली. दुसरी? कधीच नाही. चाळीसेक वर्षं लिहीत राहिला. 1967 साली घराला आग लागून काही हस्तलिखित गेलं, पण नुसत्या आगीवर ढकलून भागत नाही. 1994 साली मेला तेव्हा हजारो पानं मागं होती, शेवट नव्हता. दुसऱ्यांनी त्यातनं निवडून 1999 साली एक पुस्तक काढलं, 2010 साली हजारावर पानांचा ठोकळा. सूर लावत बसला नि वाजवायचं राहिलं. ट्रम्पेटवाल्याकडनं ही अपेक्षा नव्हती.

मी हे मामाला सांगितलं, कारण चिठ्ठी आल्यापासून त्यानं पहिली वही पुन्हा लिहायला घेतलेली. तिसऱ्यांदा. लाल शाईनं खुणा, मधेच चिकटवलेले कागद. मी म्हटलं, "मामा, तुमी असंच करत बसलात तर तुमचंबी त्याच्यावानीच व्हईल." मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वरात दारात आल्यावर मास्तर आमाला म्हनायचा, आता लागंल त्यो सूर. उचला."

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिली वही माझ्या हातात दिली. खाडाखोड आहे तशी.

पुढच्या अंकात मामाच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण छापतोय. आठ पानं रीडची आहेत, एकही ओळ कापलेली नाही, बोली तशीच ठेवलीय. संपादक मंडळात दोघं विरोधात होते, त्यांची नावं ते स्वतः सांगतील. ज्याला भांडायचं असेल त्यानं आधी प्रकरण मोठ्यानं वाचावं, नि मग गोदीच्या गेटावर यावं. या महिन्यात माझी दुसरी पाळी आहे.